दोन घरचा पाहुणा

रविवारी रात्री गावाहून परतलो की गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावतो, एक बोथट स्क्रूड्रायव्हर घेतो आणि मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसतो. टायर अजून कोमट असतो. त्याच्या खाचांत अडकलेलं एकेक उकरून काढतो. वरवर असते ती हायवेची काळी खडी, कडेला डांबर चिकटलेली. तिच्याखाली नसरापूर फाट्याच्या आतल्या रस्त्यावरची बारीक कच. मग वेल्ह्याच्या पुढचा तांबूस मुरूम. आणि सगळ्यात तळाशी, अंगठ्यानं दाबून बसवावा तसा, आमच्या वाडीच्या उतारावरचा चिखल. त्यात चिरडलेली भाताची काडी असते, कधी शेणाचा वाळका कण. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा रस्ता या रबरी तळव्यावर शेवटाकडून सुरुवातीपर्यंत वाचता येतो.

खडा खाचेत राहिला तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो थोडा थोडा आत रुतत जातो आणि एक दिवस रबराखालच्या पोलादी तारांपर्यंत पोहोचतो. टायर घडवणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे. खाचेच्या तळाशी बॅटरी धरून पाहिलं तर रबराचे छोटे उंचवटे रांगेनं बसवलेले दिसतात. खडा आत शिरला की ते दबतात, आणि चाकाचा तो भाग जमिनीवरून उचलला गेला की खड्याला बाहेर ढकलतात. बरेचसे खडे तो स्वतःच वाटेत टाकून येतो. उरलेल्यांसाठी मी बसतो.

त्याचं पूर्ण नाव त्याच्या अंगावर उठावदार अक्षरांत आहे: २१५/७५ आर १५, १००एस, ए/टी. नावातच कुंडली आहे. रुंदी २१५ मिलिमीटर. त्या रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे डिस्कचा इंचातला व्यास. १०० या आकड्याचा अर्थ असा की एक टायर ८०० किलो वजन पेलतो, आणि एस म्हणजे तो ताशी १८० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी घडवलेला आहे. माझी बोलेरो तिथवर कधी जाणार नाही, पण हा आकडा त्याच्या उष्णता सोसण्याच्या ताकदीबद्दलही सांगतो, म्हणून तो वाचायचा. शेवटचं ए/टी म्हणजे ऑल-टेरेन, सगळ्या जमिनींचा. दुकानातली पोरं मात्र त्याला सरसकट ‘बटन टायर’ म्हणतात, अंगावरच्या ठोकळ्यांवरून.

अंगानं तो थोराड आहे. निव्वळ डांबरासाठी केलेल्या एच/टी टायरची खाच नवेपणी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, याची दहा ते तेरा. मधले ठोकळे एकमेकांना धरून बसलेले, काठावरचे सुटे आणि रुंद. खांद्यावरून ते थोडे खाली बाजूवरही उतरतात. आणि प्रत्येक ठोकळ्यावर पातळ पात्यानं ओढल्यासारख्या बारीक चिरा. कोरड्या रस्त्यावर या चिरा मिटलेल्या असतात. ओल्या रस्त्यावर ठोकळा दबला की त्या किंचित उघडतात, पाण्याचा पातळ थर आत घेतात आणि त्यांच्या कडा डांबराला धरतात. पावसाळ्यात जीव या चिरांवर असतो. दुकानात टायर बघायला गेलेला माणूस मोठे ठोकळे बघून भुलतो, चिरा मोजत नाही. मोजायला हव्यात.

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ असं आपल्याकडे म्हणतात, आणि गाड्यांतले जाणकार या टायरबद्दल नेमकं हेच बोलतात. डांबरावर तो एच/टीइतका चांगला नाही, चिखलात खास त्यासाठीच केलेल्या एम/टीइतका नाही. मग घ्यायचा कशाला? मला ही म्हण याला लावलेली पटत नाही. आमच्या डोंगराळ भागातून घराघरातली माणसं मुंबईला गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी डबे पोचवायला. थोरले काका गोदीत होते. जूनमध्ये लावणीला रजा काढून यायचे, मुंबईची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाचरात उतरायचे आणि चिखलणीला बैलांमागे दिवसभर चालायचे. शहरात ते गावचे वाटायचे, गावात मुंबईकर. दोन्हीकडे थोडे परके, आणि दोन्हीकडे त्यांच्यावाचून अडायचं. लोकलच्या गर्दीत ज्यांचा पाय घसरत नसे, त्यांचाच पाय पोटरीएवढ्या चिखलात रोवलेला मी पाहिला आहे. हा टायर मला त्यांच्या जातकुळीचा वाटतो.

त्याचं घराणं जुनं आहे. रबराच्या आधी आपल्या गाड्यांना धाव होती, लोखंडाची. लोहार शेणकुटांच्या जाळात ती लाल करायचा, लाकडी चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. धाव आवळायची, चाक घट्ट व्हायचं. पण धाव जमिनीशी बोलत नसे. ती जमीन कापत जायची. तिनं कापलेल्या दोन रेघा म्हणजे चाकोरी. एकदा गाडी चाकोरीत पडली की तिच्याबाहेर निघणं बैलांच्या हातात नसे, गाडीवानाच्याही नाही. आज पाणंदीत ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या असतात, धावेच्या चाकोरीपेक्षा रुंद आणि खोल. भाषेत ‘चाकोरीबाहेरचा’ हा शब्द आपण सहज वापरतो. पावसात उतारावर चाक चाकोरीतून बाहेर काढायची वेळ आली की तो शब्द कुठून आला ते हाताच्या स्नायूंना कळतं. तिथे टायरच्या खांद्यावरचे ते ठोकळेच चाकोरीच्या भिंतीला धरून वर चढतात.

१८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरनं गंधक आणि उष्णतेनं रबर टिकाऊ करायचं तंत्र शोधलं, १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये राहणाऱ्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचा टायर बसवला. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा टायर मात्र याच्या थेट वडीलधाऱ्यांपैकी: ६.०० x १६ मापाचा, पुढे आणि मागे सारखीच पकड देणाऱ्या सरळ ठोकळ्यांचा. आपल्याकडे जुन्या जीपवर तो वर्षानुवर्षं दिसला. तो चिखलात उत्तम, पण ओल्या डांबरावर धाकधूक. मग १९४६ मध्ये मिशेलिननं रेडियल टायरचं पेटंट घेतलं. रेडियलमध्ये आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि तळव्याखाली पोलादी पट्टा असतो. त्यामुळे बाजू लवचीक राहते, तळवा सपाट राहतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बीएफ गुडरिचनं ही रेडियलची बांधणी आणि ठोकळ्यांचा तळवा एकत्र आणून लाइट ट्रकसाठी ऑल-टेरेन टायर काढला, आणि मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटी शर्यतींत त्याचं नाव झालं. आज योकोहामापासून एमआरएफ, अपोलो, सिएटपर्यंत सगळ्यांच्या दुकानी या घराण्यातलं कुणी ना कुणी असतं.

माझ्या घरी तो आला त्याला कारण एक रात्र.

आई वाडीत राहते. शहरात तिचं मन लागत नाही, आणि आम्हीही आता आग्रह सोडला आहे. वाडीला जायचा शेवटचा तीन किलोमीटरचा तुकडा कच्चा: मुरूम, मध्ये उघडा काळा कातळ, दोन ओहोळ आणि एक चढ. आषाढात एका रात्री तिला ताप चढला आणि श्वास लागला. नशिबानं मी गावीच होतो. गाडीला तेव्हा एच/टी टायर होते, निम्मे झिजलेले. चढाच्या मध्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. बोलेरो मागच्या चाकांवर चालणारी गाडी. ॲक्सिलरेटर दाबावा तसा चिखल मागे उडत होता आणि गाडी तसूभर मागे सरकत होती. खाचा चिखलानं भरून टायर पाटीसारखा सपाट झाला होता. वाडीतले आप्पा आणि त्यांची दोन मुलं बॅटऱ्या घेऊन आली. आई उतरली नाही, उतरू दिली नाही. मुलांनी चाकाखाली करवंदीच्या फांद्या आणि दगड टाकले, आप्पांनी घरातली भाताची दोन पोती आणून गाडीत मागे टाकली, मग तिघांनी खांदा लावला. पाऊण तास लागला. सकाळपर्यंत आई बरी होती. मला मात्र तो पाऊण तास अजून आठवतो, आणि वायपरच्या आवाजात तिचा श्वास ऐकायचा प्रयत्न करणारा माझा कान.

पुढच्याच आठवड्यात टायरच्या दुकानात गेलो. मालक पंचावन्न-साठीचे, बोटांच्या पेरांत काळं कायमचं मुरलेलं. त्यांनी आधी विचारलं, “साहेब, गाडी चालते कुठं?” मी चढाचं सगळं सांगितलं. एका पोरानं लगेच एम/टी लोळवत आणून समोर उभा केला: तळहाताएवढे ठोकळे, मध्ये बोट जाईल एवढ्या फटी. मला तोच हवासा वाटला. त्या चढाचा सूड घ्यायचा होता. मालकांनी दुसरा प्रश्न विचारला, “आणि पाऊस पडत असताना हायवेला किती वेगानं जाता?”

त्या प्रश्नानं माझी निवड झाली.

घरी येऊन हिशेब मांडला. महिन्याला माझी गाडी बाराशेच्या आसपास किलोमीटर चालते. त्यातले कच्चे, अगदी ताणून मोजले तरी, चाळीस. शंभरातले तीन. सगळीकडे सल्ला असा दिला जातो की डांबर-कच्चा असं प्रमाण काढा आणि त्यावरून टायर ठरवा. त्या हिशेबानं मी एच/टीच घ्यायला हवा होता. पण ते तीन किलोमीटर आईच्या दाराशी संपतात. रस्त्याला लांबी असते तसं टोकही असतं, आणि टोकाला कोण आहे हे प्रमाणात मावत नाही. म्हणून मी असं ठरवलं: ए/टी घ्यायचा की नाही हे शेवटचे तीन किलोमीटर ठरवतील, कुठला ए/टी घ्यायचा हे उरलेले सत्तर. ज्याच्या ठोकळ्यांत चिरा जास्त, मधला पट्टा सलग, फटी मध्यम, ओल्या डांबरावर ब्रेकला जो बरा, तो. ए/टीतही रागीट आणि शांत असतात. मी शांत निवडला. आजवर पस्तावलो नाही.

एम/टीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्याची गाडी आठवड्यातून चार दिवस जंगलात, खाणीत किंवा ट्रॅक्टरच्या वाटेवर असते त्यानं तो घ्यावा. हायवेवर रोज जाणाऱ्यानं दिसण्यासाठी घेऊ नये. रस्त्याला टेकतं ते रबर. फट टेकत नाही. फटी जेवढ्या मोठ्या, तेवढं ओल्या डांबरावर थांबायला रबर कमी.

मापाचा मोहही तसाच. “एक नंबर मोठा टाका, गाडी उठून दिसंल,” असं त्या पोरानंही सांगितलं. २१५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर चाकाचा व्यास तीस मिलिमीटरनं वाढतो, चार टक्क्यांच्या वर. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ ला असते. चाक मोठं म्हणजे चढावर इंजिनाला ओढायला जड, ब्रेकला थांबवायला जड, वळणावर मडगार्डला घासायची भीती वेगळी. शिवाय आमच्याकडच्या चिखलाखाली कातळ असतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली जातो आणि कातळाला पाय टेकतो. रुंद टायर वर तरंगतो. रुंद टायरचं काम वाळूत. जिमनीसारख्या हलक्या डोंगरी गाडीला कंपनी १९५/८० आर १५ हा अरुंद टायर देते, ते काही रबर वाचवायला नव्हे. मी कंपनीच्या पुस्तकातलंच माप ठेवलं.

मालकांनी चारही टायर उन्हात मांडले आणि प्रत्येकाच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे मला वाचायला लावले. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. मागच्या खेपेला एका दुकानानं मला अडीच वर्षं गोदामात पडलेले टायर नवे म्हणून दिले होते, आणि मी आकडे न वाचताच पैसे मोजले होते. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. ते कडक होतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही.

डांबरावर तो गुणगुणतो. पन्नास-साठच्या वेगाला एक खालच्या पट्टीतला घों सुरू होतो, ऐंशीला तो स्थिरावतो. तो एकाच सुरात कानात घुसू नये म्हणून ठोकळे मुद्दाम कमीजास्त लांबीचे केलेले असतात. त्यामुळे आवाज पसरतो. पहिले आठ दिवस मला तो खटकला. आईला तो ओळखीचा झाला आहे. समोरच्या डोंगराच्या वळणावर गाडी आली की ती दारात येऊन उभी राहते. दुसऱ्या कुठल्या गाडीला येत नाही. डिझेल थोडं जास्त लागतं, कारण तो वजनदार आहे आणि त्याला लोळवायला ताकद लागते. ओल्या हायवेवर थांबायलाही एच/टीपेक्षा अंतर जास्त घेतो, शांत असला तरी. म्हणून पावसात मी पुढच्या गाडीपासून आणखी एक गाडीभर लांब राहतो आणि ऐंशीच्या वर जात नाही. त्याच्याकडून जे होत नाही ते त्याच्याकडून मागायचं नाही.

डांबर जिथे संपतं तिथे एक उंबर आहे. तिथे थांबतो आणि हवा उतरवतो. व्हॉल्वची टोपी काढून पिन दाबली की सुस्कारा सुटतो. दर दहा-पंधरा सेकंदांनी गेज लावून बघायचं. बत्तीसची चोवीस करतो. हे एवढंसं काम, पण टायरचा स्वभाव पालटतो. बाजू किंचित फुगते, तळवा जमिनीवर लांब पसरतो, जास्त ठोकळे एकाच वेळी टेकतात. टोकदार दगड आला की ताठ टायर त्यावर आदळतो; उतरलेला टायर त्याला कुशीत घेतो आणि पुढे जातो. पहिल्यांदा असा त्या चढावर गेलो तेव्हा खिडकी उघडी ठेवली होती. खाली ओला मुरूम कुरकुरत होता, मध्येच एखादा ठोकळा कातळावर ‘चर्र’ करायचा आणि पकडायचा. उजवं मागचं चाक एकदा फिरलं. मी पाय हलका केला. त्यानं अर्ध्या फेरीत अंगावरचा चिखल झटकला, पुन्हा धरलं आणि गाडी वर आली. खाली उतरून पाहिलं तर त्याचे ठसे चिखलात स्वच्छ उमटले होते, ठोकळा न् ठोकळा, एच/टीची नुसती लांब घसर उमटायची तिथे.

परत येताना त्याच उंबराखाली बारा व्होल्टच्या पंपानं हवा पुन्हा भरायची. एका टायरला चार-पाच मिनिटं. ही मिनिटं चुकवू नका. उतरलेल्या हवेवर हायवेला वेग घेतला की बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापत जाते, आणि समृद्धीसारख्या लांब सरळ काँक्रीटवर तर तिला गार व्हायला उसंतच मिळत नाही. टायर फुटतात ते बहुतेक असे, आणि दोष रस्त्याला लागतो.

त्यानं हात टेकलेलेही मी पाहिले आहेत. सासुरवाडी बार्शीकडे. तिकडची काळी माती पहिल्या पावसात फुगते आणि इतकी चिवट होते की चाक फिरून झटकायचं म्हटलं तरी सुटत नाही. शेताच्या बांधावरून शंभर फूट गेलो असेन, तेवढ्यात चारही टायरांचे गोळे झाले. मडगार्डमध्ये माती ठासून बसली, स्टिअरिंग जड झालं. तिथे ए/टी, एम/टी, सगळे सारखेच. मेव्हणे बांधावरूनच म्हणाले, “भावजी, वापसा येऊ द्या की.” दोन दिवसांनी वापसा आला, माती हाताला चिकटेनाशी झाली, आणि गाडी एका दमात बाहेर आली. जमिनीची वेळ पाळावी लागते. कुठलाही टायर तिच्यावर मात करत नाही.

दुसरी त्याची दुखरी जागा म्हणजे बाजू. तळव्यात खिळा घुसला तर दहा मिनिटांत पंक्चर निघतं. पण कातळाची धार बाजूला लागली आणि चीर धाग्यांपर्यंत गेली, तर त्या टायरवर हायवेला जाऊ नये. ठिगळ लावून कुणी देत असेल तरी नको. म्हणून स्टेपनीही त्याच मापाची, त्याच जातीची घेतली आहे आणि तिचीही हवा महिन्याला मोजतो. थार किंवा जिमनीसारखी चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर हे आणखी महत्त्वाचं: चारही टायर एका मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी ओढाताण करतात. मी दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करून घेतो. मागचे ओढतात, त्यांचे ठोकळे लवकर बोथट होतात.

त्याला तीन पावसाळे झाले. मागच्या जोडीत अजून सात मिलिमीटर खाच आहे. एका ठोकळ्याचा कोपरा कातळानं खाल्ला आहे, तो तसाच आहे. त्या चढावर गाडीला खांदा लावायला कुणाला बोलवावं लागलेलं नाही. आप्पा मात्र आषाढात भाताची दोन पोती अजूनही गाडीत टाकायला लावतात, आणि मी टाकतो. मागच्या चाकांवर वजन असलेलं बरंच.

कायद्याला १.६ मिलिमीटर खाच पुरते. चिखलाला आणि ओल्या घाटाला पुरत नाही. तुमच्याही रस्त्याच्या टोकाला कच्चा तुकडा असेल आणि त्याच्या पलीकडे घरचं कुणी राहत असेल, तर मे महिन्यातच एकदा मागच्या टायरच्या खाचेत काडी घालून मोजा. चार मिलिमीटरच्या खाली असेल तर मृगाची वाट बघू नका, पाऊस पडायच्या आत बदला. आणि पैसे देण्याआधी ते चार आकडे वाचा.